धुऱ्यावरची पंचफुलाबाई

परवा वर्ध्याला शिक्षकांच्या एका शिबिरात पाहुण्यांचं भाषण ऐकलं. पांढरीशुभ्र खादी, मधाळ आवाज. साथीच्या दिवसांत माणूस आपला स्वार्थ विसरतो, दुःखानं समाजाचं मन मऊ होतं, असं बरंच काही ते सांगत होते. डोक्यावर पंखे फिरत होते, चहा यायचा होता आणि माना डोलत होत्या. मला मात्र पंचफुलाबाई आठवली. ती तिथे असती तर पहिल्या वाक्यालाच तिनं पाहुण्यांना तुतारी टोचली असती.

तुतारी म्हणजे वाजवायची नव्हे. बैल हाकायची, टोकाला खिळा ठोकलेली काठी. आमच्याकडे तिला तुतारी म्हणतात. पंचफुलाबाईची तुतारी बोरीच्या लाकडाची होती, तेल पाजून पाजून काळी झालेली. गंमत अशी, की तांब्या आणि कवड्या या आपल्या बैलजोडीला तिनं ती कधीच लावली नाही. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाली, "बैलाले अक्कल असते, मास्तरीन. खिळा मानसासाठी हाय."

आणीबाणी उठली त्याच्या आगेमागे माझी नेमणूक वाघोड्याच्या शाळेवर झाली. हिंगणघाटहून वणा नदीच्या अंगानं आत गेलं की आधी मोहगाव लागायचं, मग वाघोडा. मधे सगळी काळी माती. पावसाळ्यात रस्ता आणि वावर यांत फरक एवढाच, की वावरात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, उगवलेली असे. एकट्या बाईला गावात कोणी खोली देईना, ती पंचफुलाबाईनं दिली. देताना तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि कोणी त्रास दिला तर आपल्याला सांगायचं, स्वतः भांडायचं नाही, अशी अट घातली. मला वाटलं, माझी काळजी. पुढे कळलं, की भांडण दुसऱ्याच्या वाट्याला गेलेलं तिला खपत नसे.

उंच, हाडकी बाई. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण, गालात सदोदित तंबाखू. नवरा मेल्यापासून वावर एकटीनं वाहिलेलं. तिचं वावर वाघोड्याच्या शिवेतलं शेवटचं. तिचा धुरा, म्हणजे तिच्या वावराचा बांध, हीच दोन गावांमधली शीव होती. त्या धुऱ्यावर तिचा जीव होता. शेजारच्या गणपतनं एकदा नांगरताना दोन तास, म्हणजे नांगराच्या दोन ओळी, धुऱ्यात घातले. पंचफुलाबाईनं त्याला आडवा पाडला, छातीवर बसली आणि मुठीमुठीनं ढेकळं त्याच्या तोंडात कोंबली. एवढीच माती पाहिजे ना तुला, मग खा, असं ती शांतपणे म्हणत होती म्हणे. गणपत आठ दिवस तांदळाची पेज पीत होता. त्या धुऱ्याकडे त्यानं पुन्हा कधी वाकड्या नजरेनं पाहिलं नाही.

वावरात विहीर होती, खडकातली, गोड पाण्याची. त्या विहिरीवर ती बाभळीच्या काट्या टाकून ठेवायची. वाटसरूला पाणी नाही, गुराख्याला नाही, वाघोड्याच्याला नाही आणि मोहगावच्याला तर नाहीच. गावात तिला कंजूष म्हणत, कैदाशीण म्हणत, पण घराला पाठ करून आणि हळू आवाजात.

या बाईच्या पोटी नामदेव कसा जन्मला, हे गावाला कोडं होतं. विशीतला पोरगा, हसरा, सगळ्यांच्या कामाला धावणारा. आईची पाठ फिरली की काट्या बाजूला सारून गुराख्यांना पाणी पाजायचा. ती पाहायची आणि ढेकूळ भिरकावायची. ढेकूळ लागलं तरी तो हसायचा. कोणी काही म्हटलं की नाही म्हणणं त्याला जमत नसे. त्याच्या या गुणाचाच तिला सर्वांत जास्त राग होता. "ह्याले कोनी म्हनलं विहिरीत उडी मार, त हा विचारते, कोनत्या," असं ती मला सांगायची, आणि सांगताना भाकरीला जास्तीचं तूप लावून त्याच्या ताटात टाकायची.

मग एका पावसाळ्यात हैजा आला, म्हणजे कॉलरा.

नाल्याला पूर येऊन गेला होता, पुराचं पाणी गावविहिरीत शिरलं होतं. आधी कुंभारवाड्यात एक म्हातारी गेली, मग पाटलांच्या घरचं बाळ, मग बौद्धपुऱ्यातला एक ऐन कर्ता माणूस. पहिल्या आठवड्यात गाव खरोखर देवमाणसांचं झालं होतं, हे मी नाकारत नाही. एकमेकांकडे पेज जात होती. ज्यांनी बौद्धपुऱ्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं ते मढ्याला खांदा द्यायला गेले. माझ्या शाळेत आजाऱ्यांच्या बाजा टाकल्या होत्या आणि नामदेव त्यांची घाण उपसत होता. मी भारावून गेले होते. पंचफुलाबाईला म्हटलं, बघा, माणसं किती चांगली असतात. तिनं तंबाखूची पिंक टाकली आणि म्हणाली, "आठ दिस थांब."

मढी वाढली आणि आठ दिवसही लागले नाहीत. पेज बंद झाली, दारं लागली. शाळेतल्या आजाऱ्यांना त्यांच्याच घरचे न्यायला येईनात. आणि पारावर ठरलं, की मरीमायचा गाडा काढायचा.

हा गाडा काय असतो, ते सांगायला हवं. साथ आली की सुतार कडूनिंबाच्या लाकडाचा दोन चाकांचा गाडा करतो, नेहमीच्या बैलबंडीहून बुटका. त्यावर शेंदूर फासलेली मरीमाय बसवतात. लिंबं, बांगड्या, नारळ, एक जिवंत कोंबडी. बैल जुंपत नाहीत, गावातली जवान पोरंच जू खांद्यावर घेऊन ओढतात आणि गाडा शेजारच्या गावाच्या शिवेत नेऊन सोडतात. सूर्य बुडताना गाडा ज्याच्या शिवेत, मरी त्या गावाची. शेजारचं गाव तो पुढच्या गावात ढकलणार, ते त्याच्या पुढच्या. सगळ्यांना हे ठाऊक असतं. यात कोणाला पाप वाटत नाही, कारण सगळेच करतात.

वाघोड्याचा गाडा निघणार ही खबर मोहगावला गाड्याच्या आधी पोचली. दुपारी डफडं वाजवत आमचे लोक पंचफुलाबाईच्या वावरात शिरले तेव्हा धुऱ्यापलीकडे मोहगावचे लोक काठ्या घेऊन उभेच होते. त्यांच्यापुढे शामराव, त्यांच्या तालमीचा पहिलवान, मान नावाला नसलेला माणूस. गाड्याचं चाक धुऱ्यावर चढलं आणि पहिली काठी पडली.

मी शाळेच्या ओट्यावरून पळत आले तेव्हा वावरात रण माजलं होतं. गुडघ्याएवढी पऱ्हाटी पार चिखलात गेली होती. काठ्या मोडल्या तसे लोक पंचफुलाबाईच्या बंडीवर धावले. बंडीच्या बाजूचे दांडे, उभाऱ्या, उपसल्या, बंडीचा कणा मोडला, चाकाचे आरे काढून एकमेकांच्या डोक्यात घातले. कोणाचा जबडा लोंबत होता. कोणी चिखलात पालथा पडला होता आणि त्याच्या पाठीवर उभं राहून दुसरे दोघं लढत होते. दमलेले नाल्यावर जाऊन ओंजळीनं पाणी पीत होते आणि पुन्हा येऊन मारत होते. तोच नाला, तेच पाणी. मरीमाय गाड्यावरून गेली की नाही मला माहीत नाही, पण त्या दिवशी ती ओंजळीओंजळीनं मोहगावला गेली, हे मी सांगू शकते.

गाड्याच्या जुवात नामदेव होता. कोणीतरी ओढ म्हटलं होतं, त्यानं ओढलं होतं. कपाळ फुटून डोळ्यात रक्त उतरलं होतं आणि धोतर मागून भिजलेलं होतं. ते चिखलानं भिजलेलं नव्हतं. पंचफुलाबाईनं ते पाहिलं. तिचा चेहरा त्या क्षणी जसा झाला तसा मी पुन्हा कधी पाहिला नाही.

ती तुतारी घेऊन आत घुसली. आपलं-परकं पाहिलं नाही, जो आडवा आला त्याला खिळा. नामदेवपाशी पोचली आणि सोड म्हणाली. तो सोडेना. लोकांनी त्याच्या मनात भरवलं होतं, की मधेच जू सोडलं तर मरीमाय सोडणाऱ्याच्या घरी येते, आणि त्याच्या घरी आई एकटी होती. तिनं त्याच्या हातावर तुतारीचा दांडा घातला, बोटांवर घातला, नखं फुटली, तरी त्यानं जू सोडलं नाही.

"सोडत नाईस?" ती म्हणाली. "मंग गाडाच घरी नेतो."

गोठ्यातून तिनं तांब्या-कवड्या आणले आणि मरीमायच्या गाड्याला बैल जुंपले. असं आजवर कोणी केलं नव्हतं. मारामारी आपोआप थांबली. पोराला गाड्यावर, देवीच्या बाजूला टाकून तिनं गाडा वळवला आणि सरळ आपल्या अंगणात नेऊन उभा केला. दोन्ही गावं पाहत राहिली. सूर्य बुडायला आला होता. आणि मग मला जे दिसलं ते मी विसरू शकत नाही: दोन्हीकडच्या रक्तबंबाळ माणसांच्या तोंडावर एकदम सुटका पसरली. मरी ना वाघोड्याची झाली होती ना मोहगावची. आपण होऊन घरी नेली म्हणून ती पंचफुलाबाईची झाली होती. लोक एकमेकांना आधार देत आपापल्या गावी गेले. शत्रूचा हात धरून उठवणारेही त्यात होते.

रात्रभर नामदेव वाहत होता. सकाळी त्याचे डोळे खोल गेले होते आणि हाताची कातडी धुतलेल्या कपड्यासारखी चुरगळली होती. हिंगणघाटला सलाईन मिळालं असतं. पंचफुलाबाई बंडी मागायला दारोदार फिरली. तिची बंडी याच लोकांनी मोडली होती. पण तिच्या अंगणात आता मरीमाय होती, तिला कोण दार उघडणार? गणपतनं आतून कडी घातली. ज्यांची घाण नामदेवनं उपसली होती त्यांच्यातला एक खिडकीतून म्हणाला, की बाई, आमची पोरंबाळं आहेत.

ती परत आली. मरीमायला दोन्ही हातांनी उचलून कडूनिंबाखाली ठेवलं, "इथं बस, येतो," म्हणाली, गाड्यात गवत पसरलं आणि नामदेवला त्यावर निजवलं. मी चढून त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तिनं मला ये म्हटलं नाही आणि उतर असंही म्हटलं नाही.

रस्ता मोहगावातून होता. मोहगावानं लांबून काय पाहिलं असेल? कालचाच गाडा, आज बैल जुंपून, दिवसाढवळ्या त्यांच्या शिवेत येतोय. त्यांना वाटलं, वाघोड्यानं डाव टाकला. गावाबाहेरच्या चिंचेजवळ अख्खं मोहगाव उभं होतं, ओच्यात दगड घेऊन.

"गाडा परत ने, बाई," शामराव म्हणाला.

"ह्याच्यात देवी नाई. माहं लेकरू हाय."

तो पुढे आला, वाकून पाहिलं. देवी नव्हती हे त्याला दिसलं, आणि जे होतं ते त्याला देवीहून वाईट वाटलं. तो मागे सरला आणि हात वर केला. पहिला दगड तांब्याच्या शिंगावर बसला, दुसरा माझ्या खांद्यावर. मी नामदेववर ओणवी झाले. पंचफुलाबाई खाली उतरली. तिनं शामरावच्या गालात तुतारी अशी खुपसली, की खिळा आत दातांवर वाजला. मग तिच्यावर माणसं पडली. तिचं मनगट एका दगडावर ठेवून दुसऱ्या दगडानं ठेचलं. ती ओरडली नाही, शिव्या देत राहिली. प्रत्येकाच्या आईचं, बापाचं नाव घेऊन देत राहिली.

नामदेव पाणी मागत होता. मोहगावची एक म्हातारी गडवाभर पाणी घेऊन आली, तर तिच्याच मुलानं गडवा हिसकून फेकला आणि तिच्या थोबाडीत मारली. ऊन वर चढलं. आम्हाला पुढे जाऊ देत नव्हते आणि पंचफुलाबाई मागे फिरायला तयार नव्हती. केव्हातरी माझ्या मांडीवरचं डोकं जड झालं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं.

मोहगावच्या लोकांनाही कळलं. ते हळूहळू रस्त्याच्या कडेला झाले, आणि गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "जाऊ द्या आता तिले."

तिनं एका हातानं बैल वळवले.

नंतर सरकारी माणसं आली, विहिरींत औषध पडलं, सुया टोचल्या आणि साथ ओसरली. दोन्ही गावांत मात्र बोललं गेलं, की मरीमायनं पंचफुलाबाईच्या घरचा घास घेतला आणि ती शांत झाली. हे तिच्या तोंडावर म्हणायला एक जण गेला होता. त्याचे पुढचे दात त्या दिवसापासून नाहीत.

मी तिला रडताना पाहिलं नाही. मनगट वाकडं जुळलं, तुतारी डाव्या हातात आली. गाडा तिनं अंगणातच ठेवला. तोडून जाळ म्हटलं तर तोडेना. हात लावायची कोणाची हिंमत नव्हती. पुढे त्यात कोंबड्या बसायला लागल्या. कडूनिंबाखालच्या देवीला ती मंगळवारी हळद वाहायची आणि वाहताना तिचाही उद्धार करायची. विहिरीवरच्या काट्या मात्र तिनं काढल्या. ज्याला हवं त्यानं पाणी न्यावं. फक्त ती धुऱ्यावर बसून नेणाऱ्याला शिव्या द्यायची, नवीन, ताज्या, माणूस पाहून रचलेल्या. बायका हंडा भरून घेत आणि शिव्या ऐकून घेत. गणपतही नेत असे.

एकदा मी तिला विचारलं, की एवढं सोसून लोक थोडे तरी बदलले असं वाटतं का. ती शेंगा फोडत होती. "दुखानं मानूस नरम नाई होत, मास्तरीन," ती म्हणाली. "कुत्रं दुखलं का चावते. मानसाचंबी तेच." टरफलं झटकून म्हणाली, "माहंबी तेच." आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली.

मग पुष्कळ वर्षं गेली. माझी बदली पिपरी मेघेच्या शाळेत झाली. ट्रंक बांधून मी पंचफुलाबाईच्या ओट्यावर बसले होते. रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी वाहत होतं, ते उतरून एस.टी. सुरू व्हायची वाट होती. त्या पावसाळ्यात पुन्हा हगवण-ओकारी सुरू झाली होती, या खेपेला मोहगावात. अंगणात एक म्हातारा येऊन उभा राहिला. खांद्यावर घोंगड्यात गुंडाळलेली पोरगी, पाच-सहा वर्षांची, मान टाकलेली. त्याच्या गालावर खिळ्याची खूण होती.

मी पंचफुलाबाईकडे पाहिलं. तिनं तुतारी उचलली होती.

शामराव थोडक्यात बोलला. त्याच्या गावात कोणी बंडी देत नव्हतं. डांबरी सडकेवरच्या गावानं मोहगावच्या लोकांची वाट अडवली होती, काल एकाला दगडांनी परत पाठवलं होतं. "माही नात हाय," तो म्हणाला. "गोट्याइतून जानारी तू एकटीच हाय, बाई. दुसऱ्या कोनाकडे जाऊ?"

पंचफुलाबाईनं मला खुणावलं. मी उठून पोरगी घेतली. तिचं अंग गार होतं. मग पंचफुलाबाईनं डाव्या हातानं तुतारीचा दांडा फिरवला आणि शामरावच्या पाठीवर घातला. तो वाकला, पण हात वर केला नाही. तिनं पुन्हा घातला, पुन्हा घातला. पागोटं पडलं, सदरा फाटला, रक्त आलं. तो पहिलवान होता, म्हातारा झाला तरी एका झटक्यात त्यानं ती काठी हिसकली असती. तो तसाच उभा होता. मी थांबवायला हवं होतं का? मला थांबवावंसं वाटलं नाही. शेवटी ती दमली, दांडा टेकून उभी राहिली आणि तिचा श्वास मला ओट्यापर्यंत ऐकू येत होता.

"काऊन थांबला, नामदेव? बैल काढ ना," ती म्हणाली. शामरावला नाही, मलाही नाही. मग तिचं तिलाच उमगलं, आणि ती गोठ्याकडे गेली.

तांब्या-कवड्या केव्हाच गेले होते, ही दुसरी जोडी होती. कोंबड्या हाकलून तिनं गाड्यात गवत पसरलं. वाकड्या हातानं जुवाच्या दोऱ्या आवळल्या. शामराव पोरीजवळ बसायला गाड्याकडे आला, तर तिनं तुतारी आडवी धरली.

"तू समोर चाल," ती म्हणाली. "गोटा आला त पह्यले तुह्या टाळक्यात बसला पायजे."

पोरगी वाचली, हे मला पुढे पिपरी मेघेत कळलं. सडकेवरच्या गावानं दगड मारले आणि शामरावचं डोकं दोन ठिकाणी फुटलं, पण तो मधून हटला नाही, हेही कळलं. पंचफुलाबाई मला पुन्हा भेटली नाही. परवाच्या पाहुण्यांना मी हे सांगणार होते, तेवढ्यात चहा आला.

माझ्या डोळ्यांपुढे आहे ते एवढंच. चिखलातून जाणारा मरीमायचा गाडा, त्याच्यापुढे उघड्या डोक्यानं चालणारा शामराव, आणि गाड्यावर पोरीला पदराखाली घेऊन बसलेली पंचफुलाबाई, तुतारीचा खिळा बरोबर त्याच्या पाठीवर रोखून. वळणावर तिनं मागे पाहिलं. मला वाटलं, निरोप घेतेय. मीही हात वर केला.

"मास्तरीन," ती ओरडली, "जाशीन त कोंबड्याइले दाने टाकून जाजो."

मी दाणे टाकले. मरीमायच्या पुढेही थोडे टाकले.